कॅमेरे असताना वाघाची विष्ठा कशाला?

प्रश्न: नमस्कार ताई, मी भंडाऱ्याचा. नागझिऱ्यात सफारीला गेलो तेव्हा एक वनरक्षक रस्त्यावरची वाघाची विष्ठा काडीने बाटलीत भरत होता, विचारलं तर म्हणाला डीएनए टेस्टला जाणार. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो, जंगलात ट्रॅप कॅमेरे लावलेत, मग हा उद्योग कशाला? आणि त्यात डीएनए तर खाल्लेल्या चितळाचाच असणार ना?

उत्तर: दादा, चितळाचा असतोच. पण विष्ठा बाहेर पडताना आतड्याच्या पेशी खरवडून वरच्या चिकट थरात येतात, त्या वाघाच्या. म्हणून नमुना वरूनच घेतात, आणि लॅबमध्ये टेस्ट अशी लावतात की ती चितळाच्या डीएनएला लागूच पडत नाही. बिबट्याची विष्ठा दिसायला सारखीच, तीही इथेच वेगळी निघते. ऊन-पावसात डीएनए पटापट खराब होतो त्यामुळे ताजा नमुना लागतो, अन् तरी एकच टेस्ट पुन्हा पुन्हा करावी लागते, नाहीतर चुकीच्या निकालामुळे एकाच वाघाचे दोन वाघ व्हायचे!

आता कॅमेऱ्याचं. कॅमेरा सांगतो कोण, कुठे, कधी. पण कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची चुलत बहीण, म्हणजे आपल्या भाषेत भावकी, ती पट्ट्यांवरून कळत नाही. वाघाच्या गळ्यात बांधतात त्या, ठावठिकाणा सांगणाऱ्या रेडिओ कॉलरनेही नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तो 'वॉकर' वाघ आठवतो का, २०१९ मध्ये निघाला, कॉलर लावलेली होती, साधारण ३,००० किमी चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला आणि तिथे वाघीणच नाही. चालला खूप, पण संसार झाला नाही तर त्या चालण्याने पुढच्या पिढीत नवं रक्त येत नाही ना. वाघ आला आणि त्याची पिल्लंही झाली, हे डीएनए सांगतो.

असं नवं रक्त न आल्याने काय होतं ते ओडिशाच्या सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात दिसतं. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके जाड की एकमेकांत मिसळून वाघ काळाच वाटतो. २०२१ मध्ये बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या टीमने त्याचं कारण शोधलं, टॅकपेप नावाच्या जीनमधला एक बदल. आई आणि बाप दोघांकडून तो आला तरच काळेपणा दिसतो. बाहेरच्या वाघांशी संबंध तुटलेला, मोजकेच वाघ, मग नात्यातच लग्नं, त्यामुळे तो बदल तिथे पसरला. पर्यटकांना काळा वाघ भारी वाटतो, मला तर भीतीच वाटते, कारण रंग दिसतो म्हणून कळलं, न दिसणारे दोष किती जमलेत कोण जाणे.

म्हणून तर २०२४ च्या शेवटी आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलीपालला नेल्या. नुसती संख्या वाढवायची असती तर एवढ्या लांबून न्यायची गरज नव्हती, वेगळं रक्त हवं होतं. झीनत मात्र तिथून निघाली ती झारखंडमार्गे थेट बंगालात, बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडली आणि परत आणली. लग्न जमवणं माणसांतही सोपं नसतं म्हणा! पण पुढेमागे तिथे पिल्लं दिसली तर त्यात ताडोब्याचं रक्त आहे का, हे कळायला कुणीतरी तिथेही काडी आणि बाटली घेऊन रस्त्यावर वाकलेलाच असेल.