किशोरकुमारच्या गळ्यातलं दुःख मधुबालामुळे आलं का, आणि न शिकता तो इतका कसा गायला?

तुमचा प्रश्न असा आहे: शारदोत्सवात 'किशोर नाईट' ठेवायचं ठरलं आणि पानठेल्यावर दोन तट पडले. एक तट म्हणतो, तो शिकलेला नव्हता, रफीपुढे टिकत नाही. दुसरा म्हणतो, मधुबाला गेल्यावर त्याच्या आवाजात जे दुःख उतरलं ते शिकून येत नसतं. खरं काय?

दुसऱ्या तटाचं आधी घेतो, कारण तिथं नुसत्या सालांनीच काम होतं.

या वादात हमखास पुढे येणारं गाणं म्हणजे 'कोई हमदम ना रहा'. मधुबालाच्या विरहात गायलं, असं छातीठोकपणे सांगतात. हे गाणं 'झुमरू'मधलं, चित्रपट १९६१चा. त्याची नायिका मधुबालाच, आणि दोघांचं लग्न झालं १९६० साली. विरह कुठला? शिवाय हे गाणं मुळात १९३६च्या 'जीवन नैया'तलं. संगीत सरस्वती देवींचं, गायलं होतं थोरल्या भावानं, अशोककुमारनं. किशोरनं 'झुमरू'चं संगीत स्वतः केलं, तेव्हा दादाचं गाणं पुन्हा घेतलं. 'दुखी मन मेरे' तर त्याच्याही आधीचं, १९५६च्या 'फंटूश'मधलं. तेव्हा तो रुमा गुहा ठाकुरताचा नवरा होता आणि अमितकुमार लहान होता. म्हणजे दुःखाचं गाणं त्याला आधीपासूनच येत होतं.

मग हा समज आला कुठून? मधुबाला गेली २३ फेब्रुवारी १९६९ला आणि 'आराधना' आला त्याच वर्षी. लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली. खरं कारण रुक्ष आहे. तोवर किशोर मुख्यतः नट होता, गायचा तो बहुतेक स्वतःसाठी आणि देव आनंदसाठी. 'आराधना'नंतर राजेश खन्नाच्या मागे तो पूर्णवेळ गायक झाला. वय चाळिशीला टेकलेलं, आवाज भरलेला, आणि माइकजवळ हळू गाण्याची ती पद्धत. 'रूप तेरा मस्ताना' कानाला लावून ऐका: ओळीच्या शेवटी तो आवाज सोडत नाही, श्वासासकट खाली उतरवतो.

'मधुबालाला सोडून दिलं' हेही सरसकट म्हणू नका. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. शेवटची बरीच वर्षं ती माहेरी राहिली, पण घटस्फोट झाला नाही; ती गेली तेव्हा त्याची बायकोच होती. तो तिला किती भेटायचा, कसा वागला, यावर दोन्ही घरांकडची माणसं वेगवेगळं सांगत आली आहेत. पानठेल्यावर त्याचा निकाल लागणार नाही, गाण्यावरून तर मुळीच नाही. चार लग्नं मात्र खरी: रुमा, मधुबाला, योगिता बाली, लीना चंदावरकर. योगिता बालीनं पुढे मिथुनशी लग्न केलं म्हणून किशोर मिथुनसाठी कधीच गायला नाही, असं कोणी ठासून म्हणालं तर १९८२चा 'डिस्को डान्सर' काढून दाखवा. त्यात मिथुनला किशोरचा आवाज आहे.

आता रफीवाले. त्यांच्या हातात एक हुकमाचं पान आहे, ते मान्य करून टाका. १९५८च्या 'रागिनी'त नायक किशोर, पण 'मन मोरा बावरा' पडद्यावर त्याच्या तोंडी आणि आवाज रफीचा. ओ. पी. नय्यरना शास्त्रीय बाजाच्या त्या गाण्यासाठी रफीच हवा होता. तालीम नसल्याचा हा सरळ पुरावा आहे. तानबाजीत किशोरला उभं करायचंच नाही.

मात्र गाणं म्हणजे तानच नव्हे. १९६२च्या 'हाफ टिकट'मधलं 'आके सीधी लगी' ऐका. सलील चौधरींच्या या गाण्यात बाईचा आणि पुरुषाचा, दोन्ही आवाज किशोरचेच. बायकी ओळीत तो नुसता पातळ आवाज काढत नाही, शब्दांचा लाडिकपणाही बदलतो. आणि समोरासमोर तुलना हवी असेल तर 'मेहबूबा'तलं 'मेरे नैना सावन भादों' घ्या. चाल एक, संगीतकार एक, शिवरंजनी राग, एकदा लता आणि एकदा किशोर. कोमल गंधारावर, म्हणजे उतरलेल्या 'ग'वर, दोघं कसे थांबतात तेवढंच ऐका. बाकी वाद्यांकडे लक्ष देऊ नका.

ऐकताना फसगत होते ती अशी. मोबाइलच्या स्पीकरला खालचे सूर नीट येतच नाहीत, आणि किशोरचं अर्धं गाणं तिथंच आहे. डीजेच्या पेटीवर उलट साध्या गळ्यालाही खर्ज फुटतो. साधा हेडफोन लावा. दुसरं, यूट्यूबवरची बरीच गाणी जुन्या कॅसेटवरून चढवलेली, वेग हललेला. वेग सहा टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वरानं, म्हणजे पेटीच्या एका पट्टीनं चढतो आणि आवाज कोवळा वाटतो. भजनी मंडळाची पेटी घ्या, गाण्याचा सा शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठं तरी लटकत असेल तर ती फाइल बाजूला ठेवा. आणि नव्वदच्या दशकातली कव्हर गाणीसुद्धा किशोरच्या नावानं फिरतात, तेव्हा मूळ चित्रपटाचं नाव बघूनच वाजवा.

कार्यक्रमात गाणाऱ्या पोरांसाठी: पट्टी अंतऱ्यातल्या वरच्या सुरावरून ठरवू नका, मुखड्यातल्या सर्वांत खालच्या सुरावरून ठरवा. नाही तर पहिल्याच ओळीचा शेवट हवेत जातो. गरज पडली तर ट्रॅक एक-दोन पट्ट्या वर घ्या. माइक खालच्या सुराला चार बोटांवर, वर जाताना वीतभर लांब.

किशोरच्या त्या यॉडलिंगला बहुतेक जण घसा आवळून ओरडतात आणि दुसऱ्या गाण्यात बसतात. ते ओरडणं नाही, छातीच्या आवाजातून पातळ आवाजात मारलेली उडी आहे, आणि मधली तूट ऐकू यायलाच पाहिजे. खाली 'ओ', वर 'ई', सा वरून पंचमावर ('प'वर), अगदी हळू आवाजात. ते साफ निघालं की वेग वाढवा, मग वरच्या सा पर्यंत जा. घसा खरवडला की त्या दिवशी बंद. मंडपवाल्याला सांगून एको निम्म्यावर आणा, कारण जास्त एकोत तूट भरून निघते आणि यॉडलिंगचा नुसता गोंगाट उरतो.

आणखी एक, निवेदकासाठी. आणीबाणीत १९७६ साली आकाशवाणीनं त्याची गाणी बंद केली, ती लग्नांमुळे किंवा इन्कम टॅक्समुळे नव्हे. सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात गायला त्यानं नकार दिला होता. दोन गाण्यांच्या मध्ये सांगायला मधुबालापेक्षा हे बरं.