वायफाय गेलं म्हणून अपडेटच बंद करू नका

दारव्ह्याकडच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा: रात्री विंडोज ११ अपडेट झालं, सकाळी वायफायचं चिन्हच गायब. पोराचा परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे. आता हे आपोआप होणारं अपडेट कायमचं बंद कसं करायचं?

भाऊ, फॉर्म आधी. फोन यूएसबी केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. असं नेट यायला वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, लागत नाही. अपडेटनं बहुधा तोच बदललाय, म्हणून जुना परत आणू. आता स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, त्यात वायफायवर डबल क्लिक. ड्रायव्हर टॅबमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दिसेल, ते दाबा, मशीन रीस्टार्ट करा. बटण फिकं असेल तर 'अपडेट ड्रायव्हर'मध्ये जा, स्वतः कॉम्प्युटरमधून निवडायचा पर्याय घ्या आणि खालचं 'लेट मी पिक' उघडा. जुनी आवृत्ती बहुतेक तिथेच पडलेली असते.

आता हे झालं कसं? प्रत्येक भागाला हार्डवेअर आयडी असतो. त्याच खिडकीतल्या डिटेल्स टॅबमध्ये 'हार्डवेअर आयडीज' निवडा. त्यात 'VEN_' (व्हेन) पुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे बनवणारी कंपनी. ८०८६ असेल तर इंटेल. विंडोज हा आयडी घेऊन जुळणारे ड्रायव्हर शोधतं. ड्रायव्हरवरची डिजिटल सही आणि आयडी किती नेमका जुळतो हे आधी पाहतं, तारीख त्यानंतर. म्हणून नवी तारीख दिसली की ड्रायव्हर चांगला, असं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कित्येक ड्रायव्हरवर आजही २१ जून २००६ ही तारीख दिसते. ती मुद्दाम जुनी ठेवली आहे, कारण कंपनीचा ड्रायव्हर आला की तो वरचढ ठरावा. ती पाहून "बापरे, किती जुनं" म्हणत कुठलं फुकटचं ड्रायव्हर अपडेटर उतरवू नका. तालुक्याच्या दुकानातून फॉरमॅट करून आलेल्या मशीनमध्ये असली सॉफ्टवेअर बरीच दिसतात. ती आधी काढा.

कोणता ड्रायव्हर आपोआप यावा आणि कोणता विचारून, हे ड्रायव्हर टाकणारी कंपनी ठरवते. विचारून येणारे सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्समध्ये असतात. तिथे खूण करायची घाई करू नका. प्रिंटर नीट चालतोय ना? मग त्याला हात लावू नका.

पण अपडेट पूर्ण बंद करणं माझ्या मते चूक. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच वाटेनं येतात. रोल बॅकनंतर तोच ड्रायव्हर परत येऊ नये म्हणून 'पॉज अपडेट्स'नं पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं; तेवढ्यात बहुधा सुधारित ड्रायव्हर येतो. प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये (विंडोजचे नियम ठरवायची खिडकी) ड्रायव्हर तेवढे वगळायची सोय आहे. होममध्ये तो एडिटरच नसतो.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. याच विंडोज अपडेटमधून फर्मवेअर, म्हणजे बायोससुद्धा (मशीन सुरू करणारं, मदरबोर्डवरच लिहिलेलं सॉफ्टवेअर) येतो, आणि यादीत तो ड्रायव्हरच्या शेजारीच बसलेला असतो. साधा ड्रायव्हर चढताना लाइट गेली तर फार तर तो भाग रुसेल, पुन्हा टाकता येतो. बायोस अर्धा लिहिला असताना लाइट गेली तर मदरबोर्डच कायमचा मुका होऊ शकतो. लॅपटॉप सहसा चार्जर लावल्याशिवाय असं अपडेट घेतच नाही. तुमचा डेस्कटॉप मात्र थेट प्लगवर! आपल्याकडे पावसाळ्यात वारा सुटला की गावठाण फीडरसुद्धा जातो, मग इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर मशीन नसताना 'फर्मवेअर' लिहिलेलं काही दिसलं तर त्या दिवशी रीस्टार्ट करू नका, आभाळ पाहून करा. आणि स्क्रीनवर 'बंद करू नका' येत असेल तर कितीही वेळ लागो, बटण दाबायचं नाही.

हॉटस्पॉटवर चालवत असाल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या वायफायला 'मीटर्ड' (मोजका डेटा असलेलं) करून ठेवा. डेटा एका रात्रीत संपणार नाही, आणि मोठे डाउनलोड बरेचसे थांबतील.

रोल बॅक फिकं असेल आणि 'लेट मी पिक'मध्येही काही नसेल, तर त्या हार्डवेअर आयडीच्या पहिल्या ओळीचा फोटो टाका. मॉडेल माहीत नसलं तरी चालेल.