बीएस्सी बॉटनी झालंय, सोलापुरात राहते. पीएचडी न करता वनस्पती पेशींच्या प्रयोगशाळेत काम मिळेल का?
हो, मिळतं, अशा लॅबचं रोजचं बरंचसं काम पीएचडी नसलेली माणसंच करतात. मी विद्यापीठातल्या टिश्यू कल्चर (वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोपं वाढवणाऱ्या) लॅबमध्ये प्रकल्पावर काम केलंय, त्यावरून सांगते. सर किंवा मॅडम प्रकल्प आणतात, निधीचा हिशेब देतात. पीएचडीचे विद्यार्थी प्रयोग आखतात. पण साखर, क्षार, आगर मोजून रोपं वाढवायचं माध्यम करायचं, सामू (पीएच) ५.८ वर आणायचा, बाटल्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेवर, १२१ अंशांवर निर्जंतुक करायच्या, मग लॅमिनारसमोर (गाळलेली स्वच्छ हवा सोडणाऱ्या कपाटासमोर) बसून चिमटा ज्योतीवर धरायचा, गार होऊ द्यायचा आणि फुटवे नव्या बाटलीत लावायचे, हे बहुतेक प्रकल्प सहाय्यक आणि लॅब असिस्टंटकडे असतं. हात घाईचा झाला की काही दिवसांत बाटलीत पांढरी बुरशी धरते. जुन्या अटेंडंटना ती आधी दिसते. त्यांच्याजवळ बसून शिका, मनापासून सांगते.

सोलापुरात इथं चौकशी करा:
- केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र. ते आयसीएआरचं, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं आहे. त्यांच्या संस्थांत पदवीधरांसाठी 'यंग प्रोफेशनल-१' अशी पदं निघतात.
- पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ, तेही केगावलाच.
- केळी-डाळिंबाची रोपं करणाऱ्या खासगी लॅब. बीएस्सीवाल्यांना इथं लवकर घेतात.

एवढंच ध्यानात ठेवा, की प्रकल्पावरची जागा कंत्राटी असते, प्रकल्प संपला की तीही संपते. आणि जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) व्हायचं असेल तर साधारणपणे एमएस्सी आणि नेट किंवा गेट परीक्षा लागतेच.