प्रश्न तुमचे: क्रमांक सरकले, आता काय?

प्रश्न: प्रबंधातले दोन परिच्छेद गाळले आणि संदर्भांचे क्रमांक विस्कटले. हाताने नीट करायला गेलो तर घोळ वाढला. शिवाय लेखकांची नावं तीन द्यायची की सहा, यावर दोन शिक्षकांची दोन मतं आहेत.

उत्तर: आधी हाताने क्रमांक बदलणं थांबवा. व्हँकूवर पद्धतीत (वैद्यकीय लेखनातली क्रमांकांनी संदर्भ देण्याची पद्धत) स्रोताला क्रमांक मिळतो तो मजकुरातल्या पहिल्या उल्लेखावरून, आणि पुढे तो दहादा आला तरी क्रमांक तोच. गाळलेल्या भागातला 5 क्रमांकाचा स्रोत पुढे कुठे वापरलेलाच नसेल, तर तो सूचीतून जातो. वापरला असेल तर मात्र तो राहतो, फक्त जागा बदलते: 5 चा 19 होतो आणि मधले सगळे एकेक घर वर चढतात. हाताने करताना नेमकं हेच निसटतं.

जुनी फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. कोणता क्रमांक कोणत्या लेखाचा होता, हे तिच्यावरूनच कळेल. मग झोटेरो किंवा मेंडेली या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे लेख भरा, वर्डमध्ये पहिल्या पानापासून एकेका क्रमांकाजागी त्याच्या प्लगइनने (वर्डला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमने) संदर्भ घाला आणि टाइप केलेला आकडा पुसा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं. प्लगइनने घातलेल्या आकड्यावर नंतर टाइप करू नका. झोटेरो विचारतो, हा बदल ठेवायचा का. 'हो' म्हटलंत की तो संदर्भ पुढे आपोआप बदलत नाही. दोघं मिळून लिहीत असाल तर सॉफ्टवेअर दोघांचं एकच हवं.

तक्ते शेवटी जोडले असतील तर आणखी एक खोच आहे. तक्ता 2 मधल्या नव्या स्रोताचा क्रमांक मजकुरात 'तक्ता 2' प्रथम येतो त्या जागेवरून ठरतो, पण सॉफ्टवेअर तक्ता जिथे आहे तिथून मोजतं. म्हणून काम संपेपर्यंत तक्ता त्या परिच्छेदालगतच ठेवा. आणि '5.2' सारख्या आकड्याला चिकटून वर संदर्भाचा 3 लिहू नका, तो गणितातला घातांक वाटतो. संदर्भ वाक्यात दुसरीकडे हलवा.

नावांबाबत दोघेही बरोबर आहेत. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या नमुन्यांत पहिली सहा नावं आणि मग 'इत्यादी'. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पद्धतीत सहापेक्षा जास्त लेखक असले तर पहिली तीनच. तुमच्या विभागाची सूचना काय सांगते ते बघा, आणि एकदा ठरवलं की पूर्ण सूचीत तेच.

प्रश्न: पाठ्यपुस्तकात एका चाचणीचा निष्कर्ष वाचला. संदर्भ पुस्तकाचा द्यायचा की मूळ शोधनिबंधाचा?

उत्तर: जे वाचलं त्याचा. मूळ निबंध पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीवर) शोधून वाचलात तर त्याचा द्या, आणि तेच बरं. पुस्तकात टक्केवारी किंवा रुग्णसंख्या चुकीची उतरलेली असू शकते. न वाचता मूळ निबंधाचा संदर्भ उचलला, तर पुस्तकातली चूक तुमच्या नावावर जमा होते. निबंध उघडलाच आहे तर तो मागे घेतलेला नाही ना, तेही पाहा. पबमेडवर तशी सूचना शीर्षकाजवळच दिसते.