लॅपटॉप काढून घेऊ का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी अकरावीत आहे, सगळं लॅपटॉपवरच लिहिते, पेन धरलं की दोन पानांत हात भरून येतो आणि पेपर अर्धवट राहतो. तिला पत्रकारितेत जायचंय, तर लॅपटॉप काढून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच घेऊ नका. उद्या बातमी तिला टाइपच करायची आहे. शिवाय लिहिलेलं पुन्हा पुन्हा सुधारायला, तिसरा परिच्छेद उचलून पहिला करायला स्क्रीनसारखी सोय नाही.

तुमची काळजी मात्र अगदीच अनाठायी नाही. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर या संशोधकांच्या 2014 च्या प्रयोगांत लॅपटॉपवर टिपणं घेणारे विद्यार्थी व्याख्यान बरंचसं शब्दशः उतरवत होते आणि संकल्पनांवरच्या प्रश्नांत मागे पडले. पुढे 2021 मध्ये हाच प्रयोग दुसऱ्या संशोधकांनी करून पाहिला. शब्दशः उतरवणं तेव्हाही दिसलं, गुणांतला फरक मात्र टिकला नाही. त्यामुळे 'हाताने लिहिलं की हुशारी वाढते' असं काही मी सांगणार नाही. पण हात हळू चालतो, त्यामुळे काय लिहायचं आणि काय सोडायचं हे ऐकता ऐकताच ठरवावं लागतं. बातमीदाराला नेमकं हेच जमायला हवं. तासभराच्या भाषणातून कामाची चार वाक्यं उचलायची असतात.

मला खरी धास्ती वाटते ती कीबोर्डवर शब्द सुचवणाऱ्या सूचनांच्या पट्टीची. रोमन अक्षरं टाइप केली की मोबाइल 'आणि' पुढे करतो, आपण बोट लावून मोकळे. तीच मुलं कागदावर बिनधास्त 'आणी' लिहितात. एआयकडून पहिला मसुदा घेणं तर त्याहून वाईट, कारण सुरुवात कुठून करायची हा लिहिण्यातला सगळ्यात अवघड भागच हातचा जातो. सुधारणेला ही साधनं खुशाल वापरू दे, पण पहिला खर्डा तिचाच हवा, सूचना बंद ठेवून.

वर्गातली टिपणं वहीत घेऊ दे, त्यावरून लेख लॅपटॉपवर. हात दुखतो तो बहुधा सवय मोडल्यामुळे. पेन घट्ट दाबून धरते का, तेही बघा. रोज पंधरा मिनिटं घड्याळ लावून एकेक उत्तर लिहायला सांगा, मग हळूहळू वेळ वाढवा. महिनाभरानेही दुखणं तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आणि ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याची प्रवेश परीक्षा कागदावर असते की संगणकावर, हे आत्ताच पाहून ठेवा. सरावाची वाटणी त्यावरून करता येईल.