‘नोटेशन’ म्हणजे आकृतिलिपी

नागपूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय : सॉफ्टवेअर आर्किटेक्चरच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या रचनेच्या, शैली ज्या आकृत्यांनी मांडतात, त्या ‘ग्राफिकल नोटेशन’ला मराठीत ‘चिन्हांकन’ म्हणावं की ‘संकेतन’?

मॅडम, मला दोन्ही पटत नाहीत. चिन्हांकन म्हणजे तोडायच्या झाडावर खूण करणं; ती क्रिया झाली. संकेतन हा शब्द कोडिंगकडे झुकतो. माझं मत ‘आकृतिलिपी’ला (समासात ‘ति’ ऱ्हस्वच ठेवा). भातखंडे यांच्या पद्धतीला आपण स्वरलिपी म्हणतोच. स्वराखाली आडवी रेघ म्हणजे कोमल, स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक. दोन्ही खुणा खालीच, तरी गाणारा घोटाळत नाही.

नागपूरच्या मिहानमधल्या आमच्या ऑफिसात फळ्यावर दोन चौकोन होते, ‘ऑर्डर’ आणि ‘साठा’, मध्ये एक बाण. एकानं वाचलं : ऑर्डर साठ्याला विचारते. दुसरीनं वाचलं : ऑर्डरची माहिती साठ्याकडे जाते. दोघांचं दोन दिवसांचं काम एकमेकांशी जुळेना. ते चित्र होतं, लिपी नव्हती. यूएमएल (युनिफाइड मॉडेलिंग लँग्वेज) या सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायच्या पद्धतीत तुटक रेघेचा बाण म्हणजे अवलंबन, आणि त्याचं टोक ज्याच्यावर अवलंबून आहोत त्याच्याकडे. अखंड रेघेच्या टोकाला पोकळ त्रिकोण म्हणजे वारसा, एका प्रकारानं दुसऱ्याचे गुण घेणं. १९९७ मध्ये प्रमाण ठरलेल्या या पद्धतीच्या नावातच ‘लँग्वेज’ आहे.

‘शैली’ हा शब्द मात्र अजिबात बदलू नका. हेमाडपंती म्हणजे कुठलं एक देऊळ नव्हे. चुना न घालता दगडात दगड बसवायचा, हा जोडणीचा नियम आहे. सॉफ्टवेअर आर्किटेक्चरचे अभ्यासक मेरी शॉ आणि डेव्हिड गार्लन यांनी सॉफ्टवेअरच्या शैलीकडे याच नजरेनं पाहिलं : घटक कोणते, जोड (कनेक्टर) कोणते आणि त्यांच्या जुळणीवर बंधनं कोणती. म्हणून शैलीच्या आकृतिलिपीत काय चालतं याबरोबर काय चालत नाही तेही वाचता यायला हवं. काटेकोर थरांच्या शैलीत वरचा थर फक्त लगतच्या खालच्या थराला हाक मारतो. एकावर एक आयत रचले की चिकटलेली कड हीच परवानगी. कड नाही, तिथे वाट नाही. एकाचं काम पुढच्याकडे सोपवत जाणाऱ्या पाइप-फिल्टर शैलीचा जोड तर युनिक्स या संगणक प्रणालीत १९७३ पासून आहे : दोन आज्ञांमध्ये एक उभी रेघ, की पहिलीचं उत्तर दुसरीच्या हाती.

आणि हो, ‘कनेक्टर’ला ‘जोड’च म्हणा. ‘संयोजक’ म्हटलं की मराठी कानाला संमेलनाचा माणूस ऐकू येतो.