ताळेबंदातील तेल आणि हाती येणारी रोकड

मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तेल कंपनीच्या कर्जप्रस्तावावर तू केलेले टिपण वाचले. चालू मालमत्तेला (वर्षभरात रोकड होऊ शकणाऱ्या मालमत्तेला) चालू देण्यांनी (वर्षभरात चुकवायच्या देण्यांनी) भागून आलेले गुणोत्तर एकपेक्षा कमी आहे, म्हणून कंपनीची रोखता, म्हणजे गरजेला पैसा उभा करण्याची क्षमता, कमकुवत आहे, असा निष्कर्ष तू पहिल्याच पानावर काढला आहेस. आकडेमोड बरोबर आहे. निष्कर्ष घाईचा आहे. आपल्याकडील सरकारी तेल विपणन कंपन्यांचे हे गुणोत्तर बहुधा एकच्या खालीच असते आणि तरीही बाजार त्यांना अल्प मुदतीचा पैसा सहज देतो. याचे कारण धंद्याच्या रचनेत आहे. पंपचालक आणि गॅस वितरक बहुतेक वेळा माल उचलतानाच पैसे भरतात, तर आयात केलेल्या क्रूडचे, म्हणजे कच्च्या तेलाचे, पैसे जहाज भरल्यानंतर साधारण महिन्याभराने चुकवायचे असतात. उलट, केवळ उत्खनन करणाऱ्या एखाद्या लहान कंपनीचे गुणोत्तर दोनच्या वर असूनही ती पुढच्याच तिमाहीत अडचणीत येऊ शकते.

तेव्हा गुणोत्तर बाजूला ठेव आणि ताळेबंदातील प्रत्येक ओळीला विचार की हिची रोकड किती दिवसांत होईल, किती कसर (किमतीतील घट) सोसून होईल आणि कोणाच्या संमतीने होईल. पहिले दोन प्रश्न सगळेच विचारतात. तेल व्यवसायात घात होतो तो तिसरा न विचारल्यामुळे.

बँकेतील शिल्लकसुद्धा यातून सुटत नाही. तेलविहिरी बंद करताना जागा पूर्ववत करण्यासाठी ओएनजीसीसारख्या तेल उत्खनन करणाऱ्या कंपन्या स्टेट बँकेत स्वतंत्र निधी ठेवतात. ती ठेव खरी असली तरी ठरलेल्या कामाखेरीज तिला हात लावता येत नाही. रशियातील तेलप्रकल्पांमधून भारतीय कंपन्यांना मिळालेला लाभांश 2022 नंतर तिथल्याच बँकांत अडकून पडला. ताळेबंदात दिसणारा असा पैसा मुंबईतल्या कर्ज देणाऱ्याच्या उपयोगाचा नसतो.

साठ्याच्या ओळीवर मात्र तू अधिक वेळ द्यायला हवा होतास. चेंबूरजवळच्या माहुलच्या रिफायनरीसाठी मुंबई बंदरातील जवाहर द्वीपावर उतरणारे क्रूड असो किंवा समुद्रातील मुंबई हाय तेलक्षेत्राहून उरणमार्गे येणारे, त्याचा काही भाग नळात आणि टाकीच्या तळाशी कायमच राहतो. तो भाग काढला तर यंत्रणाच चालत नाही, म्हणजे कारखाना सुरू आहे तोवर तो विकाऊ नाही. याच शीर्षकाखाली सुटे भाग आणि भांडारातील सामानही असते. खोल समुद्रातील विहिरीसाठी खास बनवून घेतलेल्या झडपेला दुसरा गिऱ्हाईक शोधून पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल. उरलेले क्रूड, पेट्रोल आणि डिझेल खरोखर विकले जाते, पण त्याची किंमत आज दिसते तीच संकटात राहील असे धरू नकोस. जून 2014 मध्ये पिंपामागे 115 डॉलरच्या आसपास असलेले ब्रेंट (जागतिक भावासाठी प्रमाण मानले जाणारे क्रूड) जानेवारी 2015 मध्ये 50 डॉलरच्या खाली गेले आणि महागात घेतलेल्या साठ्यावर कंपन्यांना तोटे दाखवावे लागले. 20 एप्रिल 2020 रोजी तर अमेरिकेतील मे महिन्याचा क्रूडचा वायदा करार उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. तो एका ठिकाणच्या एका कराराचा भाव होता आणि त्याचा बागुलबुवा करण्याचे कारण नाही. पण टाक्या भरल्या की माल हाती असणे हेच ओझे ठरते, एवढे त्यावरून नक्की दिसले.

येण्यांच्या, म्हणजे इतरांकडून मिळायच्या रकमांच्या, बाबतीत ऋणको कोण आहे ते पाहा. सरकारकडून येणे म्हणजे बुडण्याची भीती नाही, हे तुझे म्हणणे खरे आहे. मात्र न बुडणे वेगळे आणि वेळेवर मिळणे वेगळे. 2005 नंतरच्या काही वर्षांत तोट्यात इंधन विकल्याची भरपाई कंपन्यांना रोख न मिळता तेलरोख्यांच्या (सरकारने काढलेल्या कर्जरोख्यांच्या) रूपात मिळाली. या रोख्यांमागे सरकारची हमी होती, पण वैधानिक तरलतेसाठी, म्हणजे बँकांना कायद्याने जे रोखे बाळगावे लागतात त्यांत, ते चालत नसल्याने मागणी कमी होती आणि विकायचे तर कसर सोसावी लागे. 2008 मध्ये क्रूड 147 डॉलरकडे निघाले असताना कंपन्यांची ओढाताण इतकी वाढली, की रिझर्व्ह बँकेने विशेष व्यवस्था करून त्यांच्याकडचे रोखे घेतले आणि आयातीसाठी डॉलर उपलब्ध करून दिले. पतपात्रतेच्या दृष्टीने निर्धोक असलेला कागद रोखतेच्या दृष्टीने किती अवघड असू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडलेले नाही. स्वयंपाकाच्या गॅसच्या तोट्यापोटी ऑक्टोबर 2022 मध्ये 22,000 कोटी रुपयांचे एकरकमी अनुदान मंजूर झाले, तेही तोटा सोसून झाल्यावर.

तू भूगर्भातील साठ्यांना बाजारमूल्य लावून ते पर्यायी तारण म्हणून धरले आहेस. भारतात तेल जमिनीखाली असेपर्यंत ते सरकारचे असते. कंपनीकडे असतो तो कराराने मिळालेला हक्क, आणि तो दुसऱ्याला देण्यासाठी सरकारची संमती लागते. वेदांताने केर्न इंडिया घेण्याचा व्यवहार ऑगस्ट 2010 मध्ये जाहीर केला आणि तो पुरा व्हायला डिसेंबर 2011 उजाडला. मधल्या काळात केर्नच्या बारमेर येथील तेलावरील स्वामित्वधन (रॉयल्टी) खर्चात धरण्याची सरकारी अट कंपनीला मान्य करावी लागली, म्हणजे संमतीसाठी वेळही गेला आणि नफ्यातला वाटाही. राजस्थानातील इतक्या नावाजलेल्या मालमत्तेची ही कथा असेल, तर अजून विहीरच न खोदलेल्या क्षेत्राला नव्वद दिवसांत किती रोकड हाती येईल या हिशेबात शून्यच धर. माहुलच्या जमिनीचा भाव काढण्याचा मोहही आवर. चेंबूरला राहणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी होतो, पण चालती रिफायनरी तुकड्यांनी विकता येत नाही आणि बंद पाडली तर आधी सफाईचा खर्च येतो.

शेअर बाजारात नोंदलेले शेअर रोकड करायला सर्वांत सोपे वाटतात, तरी तिथेही तिसरा प्रश्न आहेच. ओएनजीसीकडे इंडियन ऑइल आणि गेलचे शेअर होते. तरीही ते विकण्याऐवजी जानेवारी 2018 मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा 51.11 टक्के हिस्सा 36,915 कोटी रुपयांना घेताना तिने मोठे कर्ज उभारणे पत्करले.

आता टिपण नव्याने लिही. एकाच मालमत्तेचे दोन रकाने कर, एक आजच्या क्रूडच्या भावाला आणि दुसरा तो निम्म्यावर आल्यास, कारण तेल स्वस्त होते तेव्हा साठा, विहिरी आणि त्या विकत घेऊ शकणारे प्रतिस्पर्धी हे सारे एकदमच खचतात. मंजूर पण न उचललेल्या कर्जमर्यादांपैकी कोणत्या बँकांवर बंधनकारक आहेत आणि कोणत्या केवळ तोंडदेखल्या, हे मंजुरीपत्रांवरूनच ठरव, कंपनीच्या सादरीकरणावरून नव्हे. मंजुरीपत्रांच्या प्रती आल्या नसतील, तर समितीची बैठक पुढे ढकलण्याची विनंती लेखी कर.

कळावे.